अलीकडं

इस्लापूरच्या स्टँडवर शफीनं ऑटो वळवून विचारलं,
"मामू, सहस्रकुंड किधर से देखते?
इधर से, के उधर से?"
इकडून साठ रुपये. तिकडून तीनशे,
पुलावरून वळसा पडतो.
"पानी तो एकच है," वर तोच म्हणाला.

एकतीस वर्षं मी या भागात लाइनमन होतो.
पाणी एकच आहे हे मला लवकर पटत नाही.
नदीच्या अलीकडचा शेवटचा खांब माझा,
पलीकडचा पहिला दुसऱ्या सर्कलचा.
आमची लाइट गेली की त्यांची दिसायची.
त्यांची गेली की आम्ही अंगणात बाजा टाकून
त्यांचा अंधार बघत बसायचो.
थोडं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आजा याला मोगलाई म्हणायचा, त्याला वऱ्हाड.
नाक्यावर तंबाखूची पुडीसुद्धा उलगडावी लागायची म्हणे.
मोगलाई गेली, नाका गेला,
आणि आमची कौतिका तिकडं दिली.

बॅगेत हक्कसोडपत्र होतं.
स्टँपवर टाइप केलेलं:
"राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाला बळी न पडता,"
असं तिच्या वतीनं वकिलानंच लिहिलेलं.
अंगठ्याची जागा तेवढी कोरी.
अंगठा नाही, सही करते ती. सातवी शिकली.
मीच अंगठा धरून चाललो होतो.

"इकडूनच घे," शफीला म्हणालो.

इकडून धबधबा तोंडावर येतो.
काळ्या कातळावर पाणी फाटतं, पीळ सुटून तार-तार होतं,
वादळानंतर खांबाखाली लोंबते तसं.
हजार धारा म्हणतात.
मी मोजायला लागलो, चौदावर नजर घसरली.
आवाज असा, की शेजारची बाई नवऱ्यावर कडाडत होती
आणि तो हसून मान हलवत होता.
पलीकडच्या कठड्याशी माणसं, मुंग्यांएवढी.
एक हिरवी छत्री.

खिशात फोन थरथरला.
"दादा, कुठं हाय तू? मी कवाची येऊन उभी हावो."
"अलीकडं."
"मी बी अलीकडंच हावो. दिसून नाई राहिला तू."

तिच्या आवाजामागं हाच धबधबा,
पण क्षणभर उशिरा पोचणारा.
एका कानात पाणी पडून गेलेलं,
दुसऱ्यात अजून पडायचंच.
आणि मधल्या फटीतून ती विचारत होती,
"जेवला का?"

"हिरवी छत्री वर कर."
हिरवी छत्री हलली नाही, ती दुसऱ्याच कुणाची.
तिच्या डावीकडं, इतका वेळ मी ज्याला दगड समजत होतो,
त्यानं हात वर केला.

"तिकून तुले का दिसते?" कौतिका म्हणाली.
"तोंडच दिसते. इकून ये, इकून पाण्याची पाठ दिसते."
मग जरा थांबून,
"वहिनी म्हणे, काही कागद हाय म्हणून?"

"ऐकू येईना," मी म्हणालो.
ऐकू येत होतं.

शफी शेंगा सोलत सीटवर मांडी घालून बसला होता.
"तिकडं चल," म्हणालो.
"पहलेच बोलता मैं," पुटपुटत त्यानं
टरफलं झटकली, हँडल मारलं.

पुलाखाली नदी अगदी साधी होती.
गुडघाभर, गढूळ,
पुढं आपलं काय होणार हे कुणी न सांगितलेली.
बरोबर मधोमध एक म्हैस बसली होती,
एक शिंग नांदेडात, एक यवतमाळात,
आणि कानावरची माशी तेवढी उडवत होती.

पूल संपला. रस्त्याचा रंग बदलला,
खांबांवरचे नंबर बदलले.
"लो मामू, आ गया पलीकडं."
"अलीकडं म्हण," मी म्हणालो.
त्याला कळलं नाही. त्यानं मान हलवली.

बॅग मांडीवर होती.
तुषार इतके अंगावर आले, शर्ट भिजला, चष्मा भिजला,
आतला कागद मात्र
अजून कोरडाच होता.